हाकेला ओ कोणी दिली?

मित्रांनो, स्वतःची ओळख करून द्यायची म्हटले की माझी पंचाईत होते. मी एक जुनी बॅट आहे असे म्हणावे, तर चेंडू मारायला माझे टोकच उरलेले नाही. नळी म्हणावे, तर माझ्यातून ना पाणी जाते ना वाफ. वाद्य म्हणावे, तर आवाज माझा नसतो. तो माणसाच्या तोंडात तयार होतो, माझ्या पोटातून जातो आणि बाहेर पडताना एल्कचा होतो. एल्क म्हणजे सांबराच्या कुळातले, पण घोड्याएवढे हरीण. माझ्या एका टोकाला माणूस, दुसऱ्या टोकाला एल्क, आणि मधे प्लॅस्टिकची मी. मधल्या मधे नेमके काय घडते, हे इतकी वर्षे झाली तरी मला उमगलेले नाही. जे घडले ते सांगते. तुम्हाला काही उलगडले तर पाहा.

आयडाहोच्या डोंगरांत लाकडाच्या गिरणीच्या आधाराने उभे राहिलेले एक गाव आहे. तिथल्या दुकानात, फावड्यांच्या शेजारी, मी टांगलेली होते. लांब, सडपातळ, आतून पोकळ आणि हळदीसारखी पिवळी. आर्विड लुंड नावाच्या माणसाने मला आपल्या मुलीसाठी घरी नेले. आर्विड गिरणीत मोठ्या करवतीवर कामाला होता. त्याच्या मुलीचे नाव ब्रिटा. ती डावखुरी होती आणि चेंडू टाकणाऱ्यापेक्षा चेंडू सोडणाऱ्याला जास्त शिव्या देत असे. दोन उन्हाळे आम्ही अंगण गाजवले. मग कुत्र्याने माझे टोक चावले, तिथे चीर गेली, आणि मी ओसरीच्या पायऱ्यांखाली जाऊन पडले. तिथपर्यंत माझ्या आयुष्यात गोंधळ असा नव्हता. बॅट चेंडू मारते, मोडली की पडून राहते. सरळ गोष्ट होती.

गोंधळ सुरू झाला तो एका ऑगस्टमध्ये.

सप्टेंबरात एल्कचे नर माजावर येतात. ते डोंगरभर ओरडत हिंडतात, एकमेकांना आव्हान देतात, माद्या गोळा करतात. त्या दिवसांत शिकारी धनुष्य घेऊन रानात जातात आणि एल्कच्याच आवाजात हाका मारून त्याला जवळ बोलावतात. बाण लांबवर जात नाही, म्हणून एल्कला स्वतःच्या पायांनी जवळ यावे लागते. तिथल्या घरांतून वर्षभर जे मांस शिजते, ते बहुतेक याच दिवसांत येते. तेव्हा हाक चांगली हवी. आणि कुठली हाक चांगली, यावर त्या गावात जेवढे वाद होतात तेवढे निवडणुकीवरही होत नसतील.

आर्विडचा जोडीदार होता लॉइड. तोही गिरणीतलाच, लाकडे मोजून घेणारा, किडमिडीत आणि तोंडाळ. त्या दिवशी दोघांनी सरपणाच्या ढिगाऱ्यावर चार वस्तू मांडल्या होत्या : दुकानातून आणलेला एक भोंगा, बागेच्या पाइपाचा तुकडा, कपडे धुण्याच्या यंत्राची वळ्यावळ्यांची नळी, आणि चौथी मी. मला तिथे कोणी आणि का ठेवले, हे मला अजून ठाऊक नाही.

ब्रिटाला गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. आर्विड एकेका वस्तूला तोंड लावून ओरडणार, आणि खरा एल्क कोणता ते तिने सांगायचे.

"वळून बघायचं नाही हं," आर्विडने बजावले.

"मला काही बघायचंच नाहीये. तुम्ही दोघं वेडे दिसता," ब्रिटा म्हणाली.

पहिल्या हाकेवर ती म्हणाली, "हे कुणाचं तरी पोट दुखतंय." दुसरीवर म्हणाली, "हा आपल्या शाळेच्या बसचा ब्रेक." तिसरीवर ती नुसतीच हसली. चौथ्या वेळी माझ्या मुठीच्या भोकातून आत गेलेला आवाज चिरलेल्या टोकातून बाहेर पडला आणि तिचे हसू थांबले. मग हळूच म्हणाली, "हा तो आहे. रानातल्या डबक्याजवळचा. तो असाच ओरडला होता, रडल्यासारखा."

"पोरीला काय कळतंय," लॉइड म्हणाला. पण त्याच्या हातावरचे केस उभे राहिले होते, ते मी पाहिले.

लगेच आर्विडने करवत आणली. मूठ कापली, चिरलेले टोक कापले, कडा काचकागदाने घासून गुळगुळीत केल्या. वळून पाहिल्यावर ब्रिटाने टाहो फोडला.

"माझी बॅट!"

"अगं, तुझीच राहील ती. फक्त दोन्हीकडून उघडी झाली."

"आर्विडचं डोकंही तसंच आहे बरं का," लॉइड म्हणाला, "पण त्यातनं असा आवाज निघत नाही."

माझ्या अंगाला हिरवी-तपकिरी कापडी पट्टी गुंडाळली गेली, गळ्यात दोरी आली. माझी ओळख म्हणजे माझा पिवळा रंग. तोही झाकला गेला.

आता हाक कशी निघते ते सांगते, म्हणजे माझी अडचण तुमच्या ध्यानात येईल. शिकारी टाळूला रबराची एक पातळ पाकळी चिकटवतो. जिभेने ती दाबून हवा सोडली की पाकळी थरथरते आणि शिट्टीसारखा आवाज होतो. तो आवाज लहान असतो, एखाद्या पाखराएवढा. मी तो घेते, पोटात घोळवते आणि मोठा करते. ऐकणाऱ्याला वाटते, ही छाती घोड्याएवढी आहे. आधी खालून गुरगुर, मग चढत चढत शीळ, आणि शेवटी खोकल्यासारखे तीन-चार हुंकार. रानात उभे राहून डोळे मिटले, तर तिथे एक भला थोरला नर उभा आहे अशी तुमची खात्री पटेल. माझीही पटायची. पण तो नर मी होते, की आर्विड होता, की कोणीच नव्हता? या प्रश्नावर मी पुष्कळ विचार केला आहे. उत्तर आलेले नाही.

पहिल्याच मोसमात एक नर भेटला. आर्विडने हाक मारली, समोरच्या उतारावरून ओ आली. पुन्हा हाक, पुन्हा ओ. आता येणार असे वाटत असतानाच तो नर आपल्या माद्यांना हाकत डोंगरापलीकडे निघून गेला.

"घाबरला," आर्विड म्हणाला. "माझ्यासारखा दांडगा नर बघून घाबरला."

"घाबरला कसला! बायका घेऊन घरी गेला. कुठलाही शहाणा नवरा हेच करील," लॉइड म्हणाला. "दारात गुंड येऊन ओरडायला लागला, तर तू तुझ्या लेना बाईला घेऊन बाहेर येशील का?"

आठ दिवसांनी, त्याच उतारावर, तीच हाक त्याच ताकदीने मारली. या वेळी नर झुडपे मोडत धावत आला, इतका जवळ की त्याच्या अंगाचा तबेल्यासारखा वास माझ्या पोटात शिरला. त्या हिवाळ्यात लुंडांच्या घरी मांसाची ददात पडली नाही.

मित्रांनो, कारण तेच आणि परिणाम उलटे. मी मनाशी सगळे तपासून पाहिले. वारा वेगळा होता का? तो नर एकटा होता म्हणून आला का? आधीच्याला माद्या राखायच्या होत्या म्हणून तो गेला का? की आधीच्याने पूर्वी कधी माणूस एल्कच्या आवाजात ओरडताना ऐकला होता? प्रत्येक कारण खरे वाटे. पण पुढचा एल्क येई आणि ते कारण मोडून जाई.

लॉइडकडे मात्र तयार उत्तर होते. त्याच्या खिशात मादीच्या आवाजाची एक लहानशी शिट्टी असे. ती मांजरीसारखी, पण लांबवर जाणारी 'म्यांऽव' करी.

"हाक निवडायची म्हणजे आधी आपण कोण ते ठरवायचं," तो म्हणे. "तू रोज पैलवान होतोस. मी एकटी पडलेली बाई होतो. पैलवानाला भेटायला कोण येतं? आणि बाईला भेटायला कोण येत नाही?"

"तू बाई झालास तर मी रान सोडून देईन," आर्विड म्हणे.

हसत हसत दोघे दोन्ही हाका वापरत. आर्विडने नर व्हायचे, लॉइडने मादी. नराला वाटे, दुसरा कोणी आपली मादी पळवतो आहे, आणि तो चिडून येई. ही युक्ती इतकी चालली की माझी कीर्ती झाली. गावच्या मैदानावर हाका मारायची स्पर्धा होते. परीक्षक पडद्याआड बसतात, म्हणजे कोण ओरडले ते त्यांना दिसू नये. आर्विडला माझ्यामुळे पहिले बक्षीस मिळाले. लोकांनी मला हातात घेऊन पाहिले, पट्टी सोलून आतला पिवळा रंग पाहिला आणि त्यांना हसू आवरेना. मला अभिमान वाटायला हवा होता. पण मला एकच खटकले. एल्कसारखे कोण ओरडते हे सगळे माणसांनी ठरवले. एल्कला कोणी विचारलेच नाही.

मग तो मोठा नर आला. त्याच्या शिंगांची चर्चा गावात तीन वर्षे चालू होती. एका धुक्याच्या सकाळी तो आर्विड आणि लॉइडच्या बरोबर मधे येऊन उभा राहिला. डावीकडून आर्विडने माझ्यातून हाक मारली. त्याच क्षणी उजवीकडून लॉइडने शिट्टी वाजवली. नराने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले, आणि तो मागे वळून चालता झाला. धावलासुद्धा नाही. जणू त्याला सगळे कळून चुकले होते.

"तू कशाला तोंड उघडलंस? येतच होता तो माझ्याकडे!"

"तुझ्याकडे? त्याची नजर माझ्यावर होती! तुझ्या त्या बॅटीनं घालवला."

"माझ्या बॅटीचं नाव काढू नकोस, लॉइड."

"पोरीचं खेळणं घेऊन हिंडतोस आणि वर मलाच सांगतोस!"

गाडीतून घरी येईपर्यंत दोघे एक शब्द बोलले नाहीत. त्यानंतरही बोलले नाहीत. गावात एकच कॅफे होते. तिथे ते पाठीला पाठ लावून बसत, आणि वाढणारी बाई म्हणे, "आर्विडचं मीठ लॉइडकडे आहे, पण मागणार कोण?" कोणाची चूक होती ते मी सांगू शकत नाही. हाक माझ्यातून गेली होती हे खरे. पण नर कशामुळे गेला, ते फक्त त्या नराला माहीत.

त्या भांडणानंतर शिकारीत राम उरला नाही. आर्विडची बायको, लेना बाई, वारली. ब्रिटा शिकायला दूर गेली. आर्विडच्या कानांतले वरचे सूर जन्मभराच्या करवतीने खाऊन टाकले होते. बोललेले त्याला ऐकू येई, पण पाखरू, शिट्टी, एल्कची शीळ, हे सगळे त्याच्यापुरते नाहीसे झाले. एका सप्टेंबरात तो रानातून परत आला आणि म्हणाला, "एल्क गप्प झालेत." एल्क गप्प झाले नव्हते. त्याने मला गोठ्यात खिळ्याला अडकवले. एका उंदरिणीने माझ्या पोटात गवत आणून घर केले. तिची पिल्ले माझ्यात चिवचिवत, आणि तोही आवाज मी मोठा करून देत असे. हाक तेवढीच उरली होती.

ब्रिटा परत आली तेव्हा चांगली बाई झाली होती. गावच्या जनावरांच्या डॉक्टरकडे तिला काम मिळाले. एका संध्याकाळी तिने मला खिळ्यावरून काढले, उंदराचे घर झटकले, साबणाने धुतले आणि वडिलांसमोर टेबलावर ठेवले.

"बाबा, डॉक्टरांनी खांद्याबद्दल काय सांगितलं?"

"शीर फाटलीय. हिवाळ्यात कापाकापी करणार. मग धनुष्य बंद."

"कायमचं?"

"कायमचं."

"बंदूक आहे की. ऑक्टोबरात जा."

आर्विडने मान हलवली. "ऑक्टोबरात ते बोलत नाहीत गं. ज्याच्याशी कधी बोललो नाही, त्याला मारायचं म्हणजे नुसता खाटीकखाना. मला एकदा, शेवटचं, बोलून आणायचाय."

"पण तुम्हाला ऐकू कुठे येतंय?"

"म्हणून तर तू येणार आहेस. कान तुझे, हाक तुझी. बाण माझा."

असे ठरले. ब्रिटा महिनाभर रबराची पाकळी टाळूला लावून सराव करत राहिली. आधी तिला उलट्या झाल्या, मग शेजाऱ्यांना राग आला, मग आवाज लागला. म्हाताऱ्याला हे शेवटचे एकदा मिळावे, एवढीच तिची इच्छा होती. मला ते तिच्या बोटांवरून कळे. ती मला फार घट्ट धरायची.

मित्रांनो, इथे त्या गावाची एक रीत सांगायला हवी. आपण शिकारीला कुठे जातो ते तिथे कोणी कोणाला सांगत नाही. भावाला सांगत नाही, पाद्रीबाबांना सांगत नाही. गाडीसुद्धा भलत्याच वाटेवर उभी करून मैलभर चालत येतात. आणि विचारलेच, तर खोटे सांगतात. हे खोटे बोलणे वाईट समजले जात नाही, उलट तो रीतभातीचा भाग आहे.

निघायच्या आधी ब्रिटाने विचारले, "लॉइडकाका या वर्षी कुठे जातात?"

"नदीपलीकडे. कॅफेत मोठ्यानं सांगत होता."

"म्हणजे तिथे जात नाहीत."

"म्हणजे तिथेच जातो. मी ऐकतोय हे त्याला माहीत होतं. त्याला वाटलं, मी समजेन की हा खोटं बोलतोय. म्हणून त्यानं खरं सांगितलं."

"आणि तुम्ही हे समजाल हेही त्यांना माहीत असलं तर?"

आर्विडने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. "लॉइड इतका हुशार नाही," तो म्हणाला.

पहाट उजळताना आम्ही डबक्याच्या वरच्या उतारावर होतो. आर्विड पुढे गेला आणि एका पडलेल्या झाडाआड गुडघे टेकून बसला. हाक मारणारा मागे आणि बाण सोडणारा पुढे, अशी तिथली पद्धत आहे, म्हणजे हाकेच्या दिशेने येणारा एल्क वाटेत बाणाच्या टप्प्यात येतो. कानातली यंत्रे आर्विडने घरीच ठेवली होती. वाऱ्यात ती नुसती खरखरतात. ब्रिटा मागे, झाडीत, मला हातात घेऊन.

तिने हाक मारली. पलीकडून ओ आली.

ती इतकी स्वच्छ होती की ब्रिटाने मला आणखी घट्ट धरले. गुरगुर, चढती शीळ, शेवटी हुंकार. आर्विडने मागे वळून पाहिले. तिने हाताने दिशा दाखवली. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते मी पूर्वी फक्त त्याच्या तरुणपणी पाहिले होते.

पुन्हा हाक, पुन्हा ओ. आता थोडी जवळून.

तिसरी ओ ऐकून ब्रिटाच्या कपाळावर आठी पडली. का ते मलाही जाणवले. हुंकार प्रत्येक वेळी सारखेच येत होते. तिने मोठी हाक मारली की मोठी ओ, लहान मारली की लहान. एल्क असे करतो का? कधी कधी करतो. माणूस असे करतो का? माणूसही करतो.

तिने एक काठी घेऊन झाडाच्या बुंध्यावर घासली. रागावलेला नर शिंगे अशीच घासतो. पलीकडूनही फांद्या घासल्याचा आवाज आला. म्हणजे शिंगे असतील. किंवा दुसरी काठी असेल.

तिने नाक वर करून वास घेतला. वारा तिच्याकडून तिकडे वाहत नव्हता, तिकडून इकडेही नीट येत नव्हता, आडवा वाहत होता. तबेल्याचा वास एकदा आल्यासारखा वाटला आणि गेला.

मग तिने मला बाजूला करून नुसत्या पाकळीने मादीची हाक मारली. नर कधी मादीच्या आवाजात बोलत नाही, नक्कल करणारा माणूस मात्र बोलेल. उत्तर नराचे आले तर तो एल्क, असे तिने मनाशी धरले असावे. पलीकडून मादीची ओ आली. लगेच तिच्यामागून नराचीही आली. म्हणजे तिथे कळप असेल. किंवा खिशात दोन शिट्ट्या घेतलेला माणूस असेल. प्रत्येक कसोटीला दोन उत्तरे येत होती, आणि दोन्ही बरोबर बसत होती.

तेवढ्यात पुढच्या झुडपात काहीतरी हलले. पिंगट. एल्कचे अंग तसेच पिंगट असते. आर्विडने धनुष्य उचलले. त्याचा खांदा थरथरत होता, तरी त्याने दोरी पूर्ण ताणली.

ब्रिटाला जे ठरवायचे होते ते आता, त्याच श्वासात ठरवायचे होते. एल्क असला आणि ती माणसासारखी बोलली, तर म्हाताऱ्याचे शेवटचे बोलणे तिच्या तोंडून मोडणार होते. माणूस असला आणि ती गप्प राहिली, तर... तिने नुसती हाक मारून चालणारही नव्हते. तिचा आवाज पातळ. आर्विडला तो वाऱ्यात ऐकूच गेला नसता.

तिने तोंडातली पाकळी थुंकली, मला ओठांना लावले आणि सगळ्या ताकदीने ओरडली :

"बाबा! सोडू नका! माणूस आहे!"

मित्रांनो, माझ्या पोटातून कितीतरी हाका गेल्या. पैलवानाच्या गेल्या, आव्हानाच्या गेल्या, हरलेल्या नराच्या गेल्या. त्यांतल्या एकीचाही अर्थ मला कधी कळला नाही. ही पहिली हाक होती जिचा अर्थ माझ्या प्लॅस्टिकलासुद्धा कळला. तिचा पातळ आवाज माझ्यात घुमून जाड झाला, गुरगुरीएवढा खाली उतरला, आणि गिरणीने न खाल्लेल्या सुरांतून आर्विडच्या कानांत शिरला. त्याने दोरी सोडली नाही. दुखऱ्या खांद्याने इंच इंच करत ती परत आणली.

आणि मग दोन गोष्टी एकदम घडल्या. झुडपामागून मळक्या पिंगट कोटातला एक किडमिडीत म्हातारा दोन्ही हात वर करून उभा राहिला. आणि त्याच्या डाव्या हाताला, त्याच्या नि आर्विडच्या मधोमध, जिथे काहीच नव्हते असे आम्हाला वाटत होते, तिथून एक थोरला नर उसळला, फांद्या मोडत उतारावरून खाली गेला आणि दिसेनासा झाला.

आर्विडने बाण काढून भात्यात ठेवला.

"आर्विड?" म्हातारा म्हणाला.

"लॉइड," आर्विड म्हणाला. मग म्हणाला, "नदीपलीकडे होतास ना?"

"तूच गावात सांगत होतास की या वर्षी डबक्याकडे फिरकणार नाही म्हणून!"

"आणि तू नर कधीपासून झालास?"

"तुझ्यासारख्याला बघून शिकलो," लॉइड म्हणाला. त्याचा आवाज मात्र थट्टेचा राहिला नव्हता.

गाडीच्या मागच्या फळीवर बसून तिघांनी थर्मासमधली कॉफी प्यायली. कोण कोणाला ओ देत होते, यावर वाद सुरू झाला. लॉइड शपथेवर सांगू लागला की मादीची हाक त्याने मारलीच नाही, शिट्टी घरी राहिली होती.

"मग फांद्या कोणी घासल्या?" ब्रिटाने विचारले.

"एकदा मी घासल्या. दुसऱ्यांदा मी नाही."

"दुसऱ्यांदा घासल्याच नव्हत्या, काका. एकदाच घासल्या."

"मग ती मीच असेन." लॉइड गडबडला. "किंवा नसेनही. मला तर वाटत होतं मी तुझ्याशी बोलतोय. म्हणजे एल्कशी."

मी तेव्हापासून त्या ओ एकेक करून आठवते. पहिली लॉइडची असावी. तिसरी नक्की लॉइडची. मादीची हाक खऱ्या मादीची, आणि तिच्यामागची कदाचित त्या नराची. पण पुढच्या वेळी आठवताना पहिलीच एल्कची वाटते, आणि सगळी मांडणी कोसळते.

ब्रिटाने शेवटी विचारलेच. "बाबा, नेम कशावर धरला होता?"

"पिंगट अंग दिसलं."

"कोणाचं?"

आर्विडने कॉफीचा पेला दोन्ही हातांत धरला. वाफ निवेपर्यंत तो तसाच बसला. मग लॉइडकडे न पाहता म्हणाला, "तो कोट जाळून टाक."

एरवी लॉइडने यावर काय काय ऐकवले असते! या वेळी तो उठला, कोट काढला, घडी घालून गाडीत टाकला आणि थंडीत नुसत्या सदऱ्यावर परत येऊन आर्विडच्या शेजारी बसला. आर्विडने आपल्या पेल्यातली अर्धी कॉफी त्याच्या पेल्यात ओतली.

खांद्याची शस्त्रक्रिया झाली. आर्विडचे धनुष्य विकले गेले. त्या वर्षी लुंडांच्या घरी एल्क आला नाही. लॉइडने नंतर बंदुकीने एक मारला आणि निम्मे मांस आणून दिले. आर्विड ते जेवतो, आणि हे कसले मुके मांस, म्हणून रोज कुरकुरतो. मला ब्रिटा वर्षातून एकदा धुते. सप्टेंबरात ती अजून रानात जाते. कधी नराची हाक मारते, कधी मादीची. कुठली कधी चालते, ते तिला नेमके सांगता येत नाही, आणि मलाही नाही.

तेव्हा माझ्यापाशी शिकवण अशी फार मोठी नाही, मित्रांनो. माझ्यासारखी एखादी नळी तुमच्या घरी असेल तर तिला कोमट पाण्याने धूत जा, उंदरांपासून जपा. आणि समोर कोण आहे ते कळत नसेल, सगळ्या खुणा दोन्हीकडे बोट दाखवत असतील, तर उसना आवाज तोंडातून काढून टाका आणि ज्या आवाजाने घरातली माणसे तुम्हाला ओळखतात त्याने विचारा. एल्क पळून जाईल.

पळू द्या.